पडद्याकडे पाठ

त्याचा चेहरा कसा होता, असं कुणी विचारलं तर मी अडखळेन. पाठ मात्र आजही कागदावर काढून देईन. जरा वाकलेली, मानेवर कॉलरच्या आत घडी करून ठेवलेला हातरुमाल, आणि दोन्ही बाजूंना कपाला कान असावेत तसे बाहेर आलेले दोन कान. माणूस ओळखायचा तर चेहऱ्यावरून, असं म्हणतात. म्हणू देत. मी दोन-तीन वर्षं एक माणूस पाठीवरून ओळखत होते आणि मला कुठं काही कमी पडलं नाही.

तो आमचा भाडेकरू. हिंजवडीत काचेच्या इमारती उठायला लागल्या तशा आमच्या शेजारच्या जांबे गावात गोठे पडायला लागले आणि गोठ्यांच्या जागी खोल्या. आम्हीही म्हशी विकून खोल्यांची रांग बांधली. त्यातली पहिली खोली त्याची. गाव यवतमाळकडचं. नोकरी अशी, की रात्रभर फोनवर बसायचं आणि परदेशातल्या लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर इथून बोलून बोलून नीट करायचे. ही नोकरी आमच्या घरात कुणाला पटलीच नाही. माझे धाकटे दीर, भाऊजी, त्याला तोंडावर म्हणाले होते, "आरं, म्हशीचा डाक्टर सुदा म्हशीजवळ येतोय. तू हितनं फोनवर काय बगतो?"

"बघत नाही काका, ऐकतो," तो म्हणाला. "म्हशीला बोलता येत नाही. माणसाला येते."

आता ह्या ऐकण्याचा त्याला रोगच जडला होता. वर्षानुवर्षं न दिसणारे कॉम्प्युटर दुरुस्त करून त्याला अशी सवय लागली, की दिसणारा कॉम्प्युटर त्याला दुरुस्त करता येईना. पडद्यासमोर बसवलं की गप्प. "पडदा दिसला की माझं डोकं बंद होते, काकू," असं सांगायचा. म्हणून कुणी बोलावलं की तो यायचा, प्लास्टिकचं स्टूल ओढायचा, मशीनकडे पाठ करून बसायचा, डोळे मिटायचा आणि विचारायचा, "हं. काय दिसून राहिलं?"

आपण सांगायचं. पण सांगताना जरा जरी घसरलं, "मला वाटतंय वायरच..." असं काही निघालं, की हात वर. "दिसते ते सांगा काकू. वाटते ते राहू द्या."

ही खोड नुसती कॉम्प्युटरपुरती नव्हती. माझ्या जावेची गॅसची शेगडी भडकायची, तर हा उंबऱ्यावर अंगणाकडे तोंड करून उभा राहिला आणि आतल्या ज्योतीचा रंग विचारू लागला. निळी का पिवळी, टोकाला का बुडाला. जाऊ आतून ओरडून सांगतेय, हा बाहेर चाफ्याच्या झाडाकडे बघून मान हलवतोय. शेवटी पिन घालून कुठलं भोक साफ करायचं ते त्यानं झाडाला सांगितलं आणि शेगडी नीट झाली. वस्तीवरच्या बायकांनी मात्र भलताच अर्थ लावला. "लई संस्कारी पोरगं बगा. बाईमानसाकडं डोळा वर करून बगत न्हाई." दोघीतिघींनी आपापल्या भाच्या-पुतण्यांसाठी त्याची चौकशीसुद्धा केली. मी कुणाला खरं सांगितलं नाही. चांगल्या समजुतीत कशाला बोट घाला?

भाजीत मीठ कमी, तिखट कमी, दोन्ही वाटलं तरी तो आधी नुसतं मीठ घालायचा, एक घास खायचा, विचार करायचा, मग तिखट. दोन्ही एकदम घातलं आणि भाजी सुधारली, तर कशानं सुधारली हे कळत नाही, असं त्याचं म्हणणं. तोवर भाजी गार व्हायची. गार भाजी तो मुकाट खायचा. त्याचा डबा मीच देत होते, म्हणून सांगते.

आता माझ्याकडे येते. त्या काळातल्या माझ्याकडे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

पोरं मोठी झाल्यावर मी चिंचवडला जाऊन डीटीपीचा कोर्स केला होता. वर्गात सगळ्या पोरीसोरी आणि मी एकटी घोडी. सर्टिफिकेट काचेत मढवून रस्त्याकडेच्या गाळ्यात लावलं, खाली कॉम्प्युटर मांडला, त्याला क्रोशाचं कव्हर विणलं आणि बोर्ड रंगवून घेतला: येथे लग्नपत्रिका, कार्यक्रमपत्रिका, वाढदिवस शुभेच्छा तयार करून मिळतील. चष्म्याला साखळी लावली. 'सिस्टीम' हा शब्द तेव्हा माझ्या तोंडात इतका असायचा, की आमचे हे एकदा म्हणाले, "भाकरीची सिस्टीम झाली का?" मी चिडले नाही. अडाणी माणसावर काय चिडायचं, असं वाटलं. बघा, किती चढली होती.

तो गाळा दोन्ही भावांचा, सामाईक. भाऊजींना तिथं प्लॉटिंगचं ऑफिस थाटायचं होतं. तेव्हा जांब्यात ज्याच्याकडे म्हणून गॉगल होता तो प्लॉटिंगचं ऑफिस थाटत होता. मी गाळा अडवून बसलेली त्यांना खुपत होते, पण थोरल्या भावजयीला ऊठ म्हणवत नव्हतं. मग त्यांच्या पोरीचं लग्न ठरलं आणि त्यांना वाट सापडली.

"वहिनी," ते सगळ्यांसमोर म्हणाले, "आपल्या सीमीची पत्रिका तुमीच करा. झाक झाली तर गाळा तुमचा, म्या पुन्यांदा नाव काढनार न्हाई. न्हाई जमली तर बोर्ड उतरवा. कबूल?"

मी साखळी सावरून म्हणाले, "कबूल. आपली सिस्टीम तयार हाय."

सिस्टीम तयार नव्हती. दिवाळीनंतर मशीन फार हळू चालतंय म्हणून बाजारातल्या मेकॅनिकनं ते पुसून सगळं नव्यानं भरून दिलं होतं, आणि तेव्हापासून त्याला झटके येत होते. अक्षरं कितीही टाइप करा, काही नाही. पण पत्रिकेच्या डोक्यावर गणपती बसवला, की पडद्यावर आडवेतिडवे पट्टे उठायचे, सगळं थिजायचं, आणि मग एक निळं पान येऊन मशीन आपोआप बंद होऊन चालू व्हायचं. तेवढ्यात केलेलं काम जायचं ते वेगळंच. आमच्याकडची पत्रिका म्हणजे काय चार ओळी नसतात. कुलदैवत, ग्रामदैवत, आजे-पणजे, चुलते, मामा, निमंत्रक, प्रमुख उपस्थिती, समस्त भावकी, आणि तळाला 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली. त्यात कोण कुणाच्या वर हे चुकलं, तर माणूस लग्नाला येत नाही, तेराव्यालाही येत नाही. अशी पत्रिका मी पुन्हापुन्हा टाइप करत होते आणि पुन्हापुन्हा निळं पान बघत होते.

मेकॅनिकला परत बोलावलं. तो म्हणाला, नवीन मशीन घ्या.

शेवटी दुपारी झोपून उठलेल्या आमच्या भाडेकरूला मी हाक मारली. तो डोळे चोळत आला, स्टूल ओढलं, रस्त्याकडे तोंड करून बसला. भाऊजी मजा बघायला दारात उभे.

"काय दिसून राहिलं?"

"काय दिसनार? सांजच्याला व्होल्टेज पडतंय आपल्याकडं, तो ट्रान्सफॉर्मर..."

"ते वाटते तुम्हाला. दिसते काय?"

"निळं पान."

"कधी येते?"

"गणपती बसवला की."

दारातून भाऊजी म्हणाले, "कोप हाय. चपला घालून बसत्यात त्या मशीनपुढं. म्या डोळ्यांनी बगितलंय."

"गणपती काढा काकू," तो शांतपणे म्हणाला, "आणि त्या जागी दुसरं मोठं चित्र टाका. कमळ, मोर, काहीही."

मी गणपती काढला, तसंच सेव्ह करून ठेवलं, मग कमळ टाकलं. पट्टे. निळं पान.

"कमळानंही येतंय."

"मग गणपतीचा दोष नाही," तो म्हणाला. भाऊजींचा चेहरा जरा पडला. देवाचा कोप असता तर गाळा लवकर रिकामा झाला असता.

मग त्यानं मला निळं पान पळून जाणार नाही अशी सोय करायला लावली, आणि त्यावरचा शेवटचा इंग्रजी शब्द अक्षर अक्षर वाचायला सांगितला. महिनाभर ते पान मी बघत होते, पण त्यावर काही वाचण्यासारखं असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी त्याला संकट समजत होते, तो त्याला पत्र समजत होता. मी अक्षरं सांगितली. त्यानं "हं" केलं आणि मशीन चालू होताना एक बटण दाबून धरायला लावलं. पडदा आला तो भलताच. अक्षरं टपोरी, रंग विटलेले, सगळं ओबडधोबड.

"ह्ये काय झालं?"

"काही नाही. मशीन आता बनियनवर आहे. नटवणारे सगळे बाजूला केले. बसवा गणपती."

मी बसवला. श्वास धरून बसले. गणपती बसला.

"बसला का?"

"बसला! रंग उडालाय, पर बसला!"

"म्हणजे मशीन धडधाकट आहे. आत चित्र दाखवणारं एक कार्ड असते. त्या कार्डाशी मशीननं कसं बोलायचं ते सांगणारा एक प्रोग्राम असते, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तुमच्याकडे कार्ड एकाचं आणि ड्रायव्हर भलत्याचा आहे. अक्षरापुरतं कसंतरी भागते. मोठं चित्र आलं की दोघांचं बोलणं तुटते." मग, "हा ड्रायव्हर आला कुठून?"

"त्या मेकॅनिकनं त्याच्या पिशवीतल्या सीडीवरनं घातला. म्हनला समदी कार्डं सारखीच असत्यात."

"आणि मशीनसोबत मिळालेली मूळ सीडी?"

"ती हाय की. देवघरात."

त्याचे कान जरासे हलले. मी खोटं सांगत नाही, हलले. "देवघरात का?"

का म्हणजे? मशीन घेताना पुण्यातल्या दुकानदारानं बजावलं होतं, ह्या सीडीत मशीनचा जीव आहे, जपा. जीव काय ट्रंकेत ठेवतात? मी ती देवघरातून काढून आणली.

"हातात घ्या. काय दिसून राहिलं?"

"सीडी."

"तिच्यावर?"

"काय न्हाई."

"काकू. दिसते ते सांगा."

मी पुन्हा बघितलं आणि तेव्हा कुठं मला दिसलं. तोवर खरंच दिसलं नव्हतं. दसऱ्याला आमच्याकडे कोयत्यावर कुंकू असतं, ट्रॅक्टरच्या चाकावर असतं, शिलाईमशीनवर असतं, पाण्याच्या मोटरीवर असतं. आहे म्हणून कुणी सांगतं का? पिठात पांढरेपणा आहे असं सांगतात का कुणी?

"स्वस्तिक हाय," मी म्हणाले.

"कुठल्या बाजूला?"

"चकाकत्या. दुसऱ्या अंगाला छापलेलं हाय ना, म्हनून म्या चांगल्या बाजूला काढलं."

"कशानं काढलं?"

"कुंकवानं. वलं करून. मधी टिंबं दिली. बाजूनं हळद."

त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. अर्थात, ते मला वाटलं.

"मेकॅनिकनं ही घालून बघितली होती?" मग त्यानं विचारलं.

"व्हय तर. आदी कपाळाला लावली, मग घातली. मशीन नुसतंच घुर्र घुर्र करीत बसलं. म्हनला, सीडी मेली."

देवाचं कुंकू त्या मेकॅनिकनं पुसलं नाही, ह्यात मला आजही त्याचा दोष वाटत नाही. माझ्या हातूनही पुसवेना. "धुवून काढा," असं आमच्या भाडेकरूनं सांगितल्यावर भाऊजी दारातून गरजले, "आरं, पूजेचं कुंकू धुत्यात का कुटं?" पेच पडला. मग तो मीच सोडवला, आणि त्या दिवसातली माझी एवढी एकच अक्कल. गणपती उठवताना आपण काय करतो? उत्तरपूजा. मी सीडी पाटावर ठेवली, दुरून दोन अक्षता वाहिल्या, नमस्कार केला आणि सीडी जागची जराशी हलवली. देव मोकळा झाला. मग तुळशीपाशी नेऊन रिठ्याच्या कोमट पाण्यानं धुतली. "मधून बाहेर सरळ पुसा, गोल गोल नाही," तो तिकडून अंगणाकडे पाठ करून सांगत होता. आता घरात तोंड, अंगणाकडे पाठ. तेवढं त्याचं ठरलेलं.

पहिल्यांदा घुर्र झालं. पुन्हा पुसली. मग मशीननं ती वाचली. पिशवीतला ड्रायव्हर काढला, आपला घातला. गणपती बसला, शेजारी कमळही बसवून बघितलं, दोन मोर बसवले. निळं पान काही आलं नाही. मी टाळ्या वाजवल्या. तो उठला आणि डबा घेऊन ड्युटीवर गेला. जाताना पडद्याकडे एकदा बघून जावं की नाही? नाही.

इथं गोष्ट संपली असती तर ती त्याच्या हुशारीची झाली असती. पण रविवार यायचा होता.

रविवारी पत्रिकेचा नमुना मी कागदावर काढला आणि भावकी तपासायला आली. एकेक जण कागद हातात घ्यायचा, बोट फिरवायचा, स्वतःच्या नावावर थांबायचा, वरचं एक नाव आणि खालचं एक नाव बघायचा आणि म्हणायचा, "झाक हाय." एका चुलत्यांना नावामागं 'माजी' नको होतं, ते काढलं. एका मामांना दुसऱ्या मामांच्या वर जायचं होतं, त्यांना शेजारी बसवलं. भाऊजींनी सगळ्यात जास्त वेळ घेतला. स्वतःच्या नावापुढं ग्रामपंचायत सदस्य आहे का, ते दोनदा बघितलं आणि मान डोलावली. "जमलं वहिनी. मानलं. धाडा प्रेसला." दारात चिंचवडला जाणारी मोटारसायकल चालूच होती. मला गाळा माझ्या नावावर झाल्यासारखा वाटत होता. चष्म्याची साखळी मी उगीचच दोनदा सारखी केली.

तेवढ्यात तो डबा घ्यायला म्हणून आला. गर्दी बघून सवयीनं स्टुलावर बसला, पाठ करून.

"काकू, एकदा मोठ्यानं वाचा ना."

"आरं, समद्यांनी बगितलंय," भाऊजी म्हणाले.

"बघितलं काका. ऐकलं नाही कुणी."

मी वाचायला घेतलं. श्रीगणेशापासून कुलदैवत, ग्रामदैवत, आजोबा, पणजोबा, निमंत्रक, भावकी. सगळे आपापल्या नावाला जरा ताठ होत होते. मी थेट चिल्ल्यापिल्ल्यांपर्यंत पोचले आणि थांबले.

"झालं?"

"झालं."

"लग्न कुणाचं आहे?"

भाऊजी भडकले. "आरं, माज्या पोरीचं! खुळा हाय का काय?"

"ते मला माहीत आहे काका. पत्रिकेत कुणाचं आहे?"

मी कागद बघितला. पत्रिकेवर काढलेल्या कमानीच्या बरोबर मध्ये, दोन मोरांच्या चोचींखाली, जिथं चि. सौ. कां. आणि चि. यायचं, तिथं पांढरी स्वच्छ जागा होती. मी ती डिझाइन समजत होते. गणपती आणि खालची वधूवरांची नावं मी पहिल्यापासून एकाच चौकटीत बांधून ठेवली होती. त्या दिवशी त्यानं गणपती काढा म्हटलं, तेव्हा गणपतीबरोबर नवरानवरीही गेले. परत बसवताना मी एकटा गणपतीच बसवला होता.

"माझीच चूक," पाठीनं कबूल केलं. "एक काढा म्हटलं, दोन गेले. आणखी काय दिसेनासं झालं, हे मी विचारायला पाहिजे होतं."

मी भाऊजींकडे बघितलं. आता बोर्ड उतरणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. म्हणजे वाटत होतं. दिसत एवढंच होतं, की भाऊजी माझ्याकडे बघत नव्हते. ते मोटारसायकलकडे बघत होते. कागद बघायला आलेली माझी जाऊ, म्हणजे नवरीची आई, मागं उभी होती, आणि तिनं भर भावकीत काय म्हणावं? "बापाला पंचायत दिसली, पोर दिसली न्हाई. आन म्हनं बाईला जमत न्हाई!"

मोटारसायकल बंद करावी लागली. नावं बसवली, मोठ्यानं वाचली, मग पत्रिका गेली. गाळ्याचं नाव भाऊजींनी पुन्हा खरंच काढलं नाही. त्यांचं प्लॉटिंगचं ऑफिस पुढं त्यांच्याच ओट्यावर पत्रे टाकून झालं, आणि त्याच्या उद्घाटनाची पत्रिका माझ्याकडे झाली. ती मात्र त्यांनी मला मोठ्यानं वाचायला लावली.

लग्नात आमचा भाडेकरू जेवायला आला होता. सगळा मांडव स्टेजकडे तोंड करून बसलेला, आणि ह्यानं खुर्ची उलटी फिरवलेली. मी विचारलं, "आरं, नवरी तरी बग." तर म्हणाला, "मंगलाष्टकं नीट चालून राहिली ना? मग सगळं ठीक आहे."

मग कंपनीनं त्याला हैदराबादला पाठवायचं ठरवलं. सामान बांधून झाल्यावर तो गाळ्यात आला. हातात कागदाचा तुकडा, त्यावर मजकूर. त्याच्या स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेचा. मुलगी कुठली, कुणी बघितली, काही सांगितलं नाही. स्टूल ओढलं, पाठ केली.

मी टाइप केलं. गणपती बसवला. काही पडलं नाही, काही थिजलं नाही. आता तो म्हणणार होता, काकू, मोठ्यानं वाचा. मी वाचलंच नाही.

"काकू?"

"वाचनार न्हाई."

"का?"

"लग्न कुनाचं हाय?"

तो स्टुलासकट वळला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या पडद्याकडे त्याचं तोंड आलं. कमानीत, मोरांच्या खाली, त्याचं नाव होतं आणि शेजारी तिचं.

"हं," मी डोळे मिटून विचारलं, "काय दिसून राहिलं?"

त्यानं दोन्ही नावं वाचली. हळू, अक्षर अक्षर, निळ्या पानावरचा शब्द वाचावा तसा.

"आन वाटतंय काय?"

डोळे उघडले तर तो पुन्हा रस्त्याकडे तोंड करून बसलेला. चेहरा काही मला बघायला मिळाला नाही. पण कान पाठीमागूनही दिसतात. लालबुंद झाले होते.

हे मात्र दिसत होतं.